आमच्याकडची दारू कुठे बसून सुटली

नोडमधल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच विषय चालू आहे. दारूचं दुकान बंद करण्यासाठी 'आडवी बाटली' करायची का? सह्या गोळा करायच्या का? सही मी करणार आहेच, त्यात प्रश्न नाही. पण त्या चर्चेत दोन-तीन जणांनी लिहिलं की 'हे गाववाले पहिल्यापासून पिणारेच, यांच्यात काही फरक पडणार नाही.' म्हणून हा मोठा लेख. मी गाववालाच आहे. आणि फरक पडलेला आहे. तो कसा पडला, हे कॉलनीतल्या मंडळींना माहीत नाही, आणि गावातली नवीन पोरंही विसरली आहेत.

आधी एक शब्द बघा. आपल्याकडे कुणी 'पिऊया' म्हणत नाही. 'बसूया' म्हणतात. 'आज बसायचं का?' 'काल कुठं बसलेलात?' हा शब्द कुणी ठरवून केलेला नाही, पण त्यात अर्धी गोष्ट सांगून झाली आहे. माणूस बाटलीकडे जातो त्याच्या आधी तो बसायला जातो. चार माणसं, एक जागा, दिवसभराचं अंगावरून उतरवायचं. ज्याला दारू बंद करायची त्याने नुसती बाटली काढून घेतली तर तो माणूस बसणार कुठं? आपल्या भागाचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास मला तरी याच प्रश्नाभोवती फिरताना दिसतो.

ब्रिटिशांच्या काळात पनवेल तालुका आधी ठाणे जिल्ह्यात होता, पुढे कुलाब्यात गेला. त्या काळच्या गॅझेटियरमध्ये आगरी लोकांबद्दल लिहिलंय की कष्टाळू आहेत पण दारूचे शौकीन आहेत. ते वाक्य आजही लोक पुरावा म्हणून पुढे करतात. आता त्याच सरकारचं दुसरं दप्तर उघडा. १८७८ चा मुंबई अबकारी कायदा. ताडी काढायला परवाना, झाडावर कर, दारू गाळायचा मक्ता सरकारकडून. मोहाची दारू गाळायचं मोठं केंद्र कुठलं? आपलं उरण. पंचमहालातून मोहाची फुलं यायची, उरणला दारू व्हायची आणि इकडच्या जिल्ह्यांत विकली जायची. मग १८९२ मध्ये सरकारने आणखी एक कायदा केला, मोहाच्या फुलांचा. ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत कुणी घरात मोहाची फुलं साठवायची नाहीत. का? लोकांची तब्येत बिघडते म्हणून नव्हे. घरी गाळली तर सरकारी दारू खपत नाही म्हणून.

म्हणजे एका हाताने महसूल घ्यायचा आणि दुसऱ्या हाताने लिहायचं की हे लोक पिणारे आहेत. हे वाचल्यावर 'पहिल्यापासून पिणारेच' हे वाक्य मला जरा वेगळंच ऐकू येतं.

दारू सोडण्याची पहिली मोठी लाट याच किनारपट्टीवर उठली, आणि ती ना सरकारने आणली ना डॉक्टरने. १९२२ चं साल. पालघरकडच्या कोळीवाड्यांत देवीची साथ आलेली. देवीला शांत करायला लोक जमायला लागले. बायकांच्या अंगात देवी यायची आणि सांगायची: दारू सोडा, ताडी सोडा, मांस-मच्छी सोडा, रोज आंघोळ करा. ही गोष्ट कोळीवाड्यांतून डोंगरातल्या आदिवासी पाड्यांत गेली आणि वर्षाच्या आत दक्षिण गुजरातेत पोहोचली. तिकडे हजारो आदिवासींनी दारूच्या पिठ्यांवर बहिष्कार टाकला, मक्तेदारांच्या शेतावर मजुरीला जायचं बंद केलं. इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनी यावर सबंध पुस्तक लिहिलंय. शिकलेली माणसं म्हणतील अंधश्रद्धा. असेल. पण त्या लोकांनी ठरवलेलं की हे माझ्या एकट्याचं नाही, सगळ्या गावाचं आहे, आणि आपण सगळे एकत्र बसून ते सोडणार. पुढे ती लाट बऱ्याच ठिकाणी ओसरली हेही खरं. देवी गेली, जमणं बंद झालं, पिठे परत चालू झाले.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९४९ चा दारूबंदी कायदा केला. या काळाबद्दल फार लिहीत नाही, सगळ्यांना ठाऊक आहे. पैसेवाल्याला डॉक्टरच्या चिठ्ठीवर परमिट, गरिबाला खाडीच्या चिखलात लपवलेली हातभट्टी. बारच्या पाटीवर 'परमिट रूम' अजून दिसतं ना, ते त्याचंच उरलेलं शेपूट. हातभट्टीने माणसं मारली ती बंदीच्या काळात आणि बंदी सैल झाल्यावरही. २०१५ मध्ये मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली, सगळी हातावर पोट असलेली.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

आमच्या गावांत दारू खऱ्या अर्थाने कमी झाली ती दोन वाटांनी. एक वाट माळेची. वारकरी झाला, गळ्यात तुळशीची माळ पडली की दारू आणि मटण-मच्छी दोन्ही बंद. 'त्याने माळ घातली' एवढं सांगितलं की पुढचं सांगायला लागत नाही. हळदीला गेला तरी कुणी ग्लास पुढे करत नाही. ही साधी गोष्ट नाही. व्यसनातून बाहेर पडलेल्याला सगळ्यात जड काय जातं विचारा: 'नको' म्हणणं. माळ त्याच्या वतीने 'नको' म्हणते, त्याला तोंड उघडावं लागत नाही.

दुसरी वाट बैठकीची. रेवदंड्याचे नानासाहेब धर्माधिकारी यांनी १९४३ च्या दसऱ्याला श्री समर्थ बैठक चालू केली. समर्थ रामदासांचा दासबोध वाचायचा आणि समजावून सांगायचा. दासबोध लिहिला गेला ती शिवथरघळ आपल्याच जिल्ह्यात, महाड तालुक्यात, त्यामुळे तो ग्रंथ इकडे परका नव्हता. पण लोकांना धरून ठेवलं ते ग्रंथापेक्षा त्याच्या बांधणीने, असं मला वाटतं. ठरलेला वार, ठरलेली वेळ. फी नाही. पुरुषांची वेगळी, बायकांची वेगळी, पोरांची वेगळी. घरातली तिन्ही माणसं आपापल्या बैठकीत तेच ऐकून येतात. अंगारे-धुपारे, भगताकडे जाणं बंद करा, व्यसन सोडा, पोरांना शिकवा, हे पुन्हा पुन्हा सांगायचं. दर आठवड्याला. वर्षानुवर्षं.

इथे परत तो शब्द बघा. 'बसायला' जाणारा माणूस 'बैठकीला' जायला लागला. तीच संध्याकाळ, तेच शेजारी, फक्त जागा दुसरी. आमच्या पट्ट्यातल्या आगरी-कोळी घरांत 'बैठकीत जायला लागला आणि सुटली' हे वाक्य इतकं सर्रास ऐकू येतं की कुणी त्याची नोंदसुद्धा ठेवली नाही. कुठल्याही सरकारी अहवालात हा आकडा नाही. २००८ मध्ये नानासाहेबांना महाराष्ट्र भूषण जाहीर झाला तेव्हा वर्तमानपत्रांनी 'निरूपणकार' लिहिलं. आमच्याकडच्या बायकांना विचारलं असतं तर त्यांनी वेगळा शब्द दिला असता.

१६ एप्रिल २०२३ ची दुपार आपल्यापैकी कुणी विसरलं नसेल. खारघरच्या मैदानावर आप्पासाहेब धर्माधिकारी यांना महाराष्ट्र भूषण दिला, लाखो लोक उन्हात बसलेले, उष्माघाताने चौदा जण गेले. भर उन्हात कार्यक्रम ठेवण्याचा हिशेब मागायलाच हवा. पण त्यानंतर दोन दिवस जे लिहिलं गेलं, 'एवढे लोक उन्हात बसतातच कशाला, अक्कल नाही का', ते वाचून मला त्रास झाला. त्या गर्दीतली कितीतरी बाई घरातला मार थांबला म्हणून आली होती. ऋण मानायला आली होती. हे समजून न घेता तिला भोळी म्हणणं सोपं आहे.

बैठकीला मर्यादा आहेत, आणि त्या लपवायच्या नाहीत. बैठक सांगते सोड. कसं सोडायचं, शरीरात काय होतं, हे तिच्या कक्षेत नाही. वीस वर्षं रोज पिणाऱ्या माणसाने एका रात्रीत बंद केली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, घाम फुटतो, काहींना फिट येते, काहींना भिंतीवर किडे दिसतात, मेलेली माणसं बोलावतात. डॉक्टरांच्या भाषेत हा दारू तुटल्याचा त्रास, आणि तो जिवावर बेतू शकतो. आमच्याकडे याला काय म्हणायचे? बाधा झाली. मग भगत. मग कुणीतरी शहाणा सांगायचा, थोडी पाजा, बरा होईल. आणि खरंच बरा व्हायचा! म्हणून लोकांची खात्री पटायची की याला दारूच लागते. शिवाय दारू सोडून परत सुरू करणारा माणूस बैठकीत तोंड दाखवायला लाजतो. ज्या जागेची त्याला सगळ्यात जास्त गरज, तिथेच जायचं तो बंद करतो.

ही जागा भरून काढली ती पुण्यात, वेगळ्या माणसांनी. १९८० च्या दशकात मुंबई-पुण्यात गर्द आली, ब्राऊन शुगर. कॉलेजची पोरं मरायला लागली. अनिल अवचटांनी त्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले, केंद्र काढा म्हणून. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता, म्हणजे सुनंदा, येरवड्याच्या मनोरुग्णालयात मानसोपचारतज्ज्ञ होत्या. त्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ ला 'मुक्तांगण' उघडलं. १९९७ मध्ये कर्करोगाने त्या गेल्या आणि मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी काम हातात घेतलं.

मुक्तांगणबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय. मला त्यातल्या दोनच गोष्टी इथे सांगायच्या आहेत. पहिली, पेशंट बरा झाला की त्यातलेच काही जण तिथे समुपदेशक झाले. म्हणजे समोर बसलेल्या माणसाला 'मला काय होतंय तुला काय कळणार' म्हणायची सोय राहिली नाही. दुसरी, बायकोचा गट. व्यसन नवऱ्याचं, पण झोप तिची गेलेली, कर्ज तिच्या डोक्यावर, शेजाऱ्यांचे टोमणे तिला. ती बोलणार कुठे? तिच्यासाठी वेगळी बसायची जागा केली. आपल्या इकडच्या बायकांच्या बैठकीत आणि या गटात मला तरी फार अंतर दिसत नाही. एकीकडे ग्रंथ आहे, दुसरीकडे समुपदेशक आहे. आणि परत घसरलेल्याला मुक्तांगण परत दारात घेतं, आजारात उलटतं तसं हे उलटलं असं मानून. हा फरक मात्र मोठा आहे.

आपल्याला जवळचं असं काम म्हणजे ठाण्यातली डॉ. आनंद नाडकर्णींची आयपीएच, १९९० पासून. नाडकर्णी मुक्तांगणशीही जोडलेले. पण नावड्याहून ठाण्याला जायचं म्हटलं की आमच्याकडे दुसरीच अडचण. 'ठाण्याला पाठवा याला' ही आमच्याकडे शिवी आहे. १९०१ पासून तिथे मनोरुग्णालय आहे ना! आजही डिप्रेशनचं औषध चालू असलेला माणूस ठाण्याचं नाव घेत नाही, 'कल्याणला जातो' म्हणून सांगतो.

मध्ये एक गोष्ट राहिली, ती सांगितल्याशिवाय आजचं कळणार नाही. १९७० मध्ये सिडको आली आणि ठाणे-पनवेल-उरणच्या ९५ गावांच्या जमिनी गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईच्या आंदोलनात पाच जण हुतात्मा झाले, मग साडेबारा टक्के मिळाले. हा इतिहास आपण दरवर्षी सांगतो, सांगायलाच हवा. पण जमिनीबरोबर काय गेलं ते सांगत नाही. शेती, मिठागर, खाडीची मासेमारी ही नुसती पोटाची कामं नव्हती. त्यात पहाटे उठणं होतं, भरती-ओहोटीचं वेळापत्रक होतं, संध्याकाळी अंग मोडून पडणारी झोप होती. तळोजा एमआयडीसी आली, कासाडी नदीचं काय झालं ते नाकाला कळतंच. वडील चाळीस-पंचेचाळिशीत रिकामे झाले, हातात चेक आला आणि दिवस मोकळा झाला. त्या पिढीच्या दारूला आपण 'पैसा आला म्हणून माजले' म्हटलं. काही माजले असतील. बरेच जण मात्र, आता लक्षात येतं, उदास होते. तेव्हा तो शब्दच नव्हता आपल्याकडे. होता तो 'बेवडा' हा शब्द.

आता आडव्या बाटलीकडे.

दारूविरुद्ध बायकांनी उठण्याची महाराष्ट्रातली परंपरा जुनी आहे. १९७२-७३ ला शहाद्याच्या आदिवासी बायकांनी भट्ट्या फोडल्या. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग व गावोगावच्या लोकांनी आंदोलन करून १९९३ मध्ये जिल्हा दारूबंद करून घेतला. चंद्रपूरने २०१५ मध्ये बंदी मिळवली आणि २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. राळेगणसिद्धीत पिणाऱ्यांना खांबाला बांधून मारायचे, हेही त्याच इतिहासात येतं. त्याला मी आदर्श मानत नाही. आजारी माणसाला खांबाला बांधायचं नसतं.

मतदानाचा रस्ता २००८ च्या आदेशाने पक्का झाला. गावातल्या किंवा प्रभागातल्या २५ टक्के महिला मतदारांनी अर्ज करायचा, सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. खोच पुढे आहे. झालेल्या मतांच्या निम्मी मतं पुरत नाहीत, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. म्हणजे त्या दिवशी घरी राहिलेली बाई ही उभ्या बाटलीचं मत ठरते. आपल्या नोडमध्ये भाड्याने राहणारे किती, यादीत नाव असून दुसरीकडे गेलेल्या किती, याचा विचार सह्यांच्या आधी करा. नियमांत अधूनमधून बदल होतात, तेव्हा उत्पादन शुल्क खात्याकडून ताजी प्रत आणूनच कामाला लागा.

आणि कायद्यावर फार भिस्त ठेवू नका. डिसेंबर २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टाने महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारू नको म्हटलं. मुंब्रा-पनवेल रस्त्यावरच्या आपल्यासारख्यांना वाटलं सुटलो. २०१७ मध्ये कोर्टाने स्पष्ट केलं की महापालिका हद्दीतल्या परवान्यांना ती अट नाही. आपण १ ऑक्टोबर २०१६ पासून पनवेल महापालिकेत! गाव राहिलो असतो तर ग्रामसभा तरी होती. आता ग्रामसभाही नाही आणि अंतराची अटही नाही. खारघरचे रहिवासी वर्षानुवर्षं दारूमुक्त खारघरसाठी रस्त्यावर उतरतात, त्यांच्याकडून शिकण्यासारखं हेच आहे की हे एकदा जिंकून संपत नाही.

शिवाय समजा दुकान बंद झालं. एमडीचं काय? मेफेड्रोन फेब्रुवारी २०१५ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. डिसेंबर २०२३ मध्ये खोपोलीकडे पोलिसांनी शेकडो कोटींचा माल पकडला, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातल्या कारखानदारीच्या पट्ट्यात तो तयार होत होता. त्याला दुकान लागत नाही, पाटी लागत नाही, परमिट लागत नाही. तो पोरगा कुठे 'बसत'ही नाही. खोलीचं दार लावून एकटा असतो. त्याला बैठकीत न्या म्हणाल तर येणार नाही, माळ घालणार नाही. त्याच्यासाठी बसायची जागा अजून कुणी केलेली नाही, गावातही नाही आणि तुमच्या बावीस मजल्याच्या टॉवरमध्ये तर नाहीच. तिथे क्लब हाऊस आहे, जिम आहे.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दारूच्या आजारात उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण ८६ टक्क्यांच्या आसपास निघालं. बारा राज्यांत ते सर्वेक्षण झालं, महाराष्ट्र त्यात नव्हता. आपला आकडा आपल्यालाच डोळ्यांनी मोजायचा आहे. नाशिकच्या पेठ तालुक्यात 'आत्मीयता' नावाच्या प्रकल्पात गावातल्याच माणसांना शिकवलं होतं: उदास, घाबरलेल्या माणसाशी कसं बोलायचं, किती वेळा जायचं, कुठल्या टप्प्यावर डॉक्टरकडे न्यायचं. डॉक्टर गावात नव्हता, पण वाट दाखवणारा शेजारी होता. हे नावड्यात व्हायला काय अडचण आहे? बैठकीतले जुने सदस्य आहेत, माळकरी आहेत, कॉलनीत नर्स आहेत, शिक्षिका आहेत. समाजमंदिर आठवड्यातले पाच दिवस रिकामं असतं.

म्हणून माझं सोसायट्यांच्या मंडळींना एवढंच सांगणं आहे. सह्यांच्या कागदाबरोबर दुसरा एक कागद फिरवा: आठवड्यातून एक संध्याकाळ समाजमंदिरात दोन तास कोण देऊ शकतो? गावातल्या आणि कॉलनीतल्या नावांची एकच यादी करा, दोन नको.

तोवर कामाच्या काही गोष्टी. मानसिक त्रासासाठी सरकारची टेलिमानस सेवा १४४१६ वर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. व्यसनासाठी १४४४६. रोज पिणाऱ्याला घरच्या घरी अचानक बंद करायला लावू नका, आधी डॉक्टर. व्यसनमुक्ती केंद्रात कुणाला ठेवणार असाल तर मानसिक आरोग्य कायदा २०१७ खालची नोंदणी दाखवा म्हणा. त्या कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मनाचे आजार स्पष्टपणे धरलेत, आणि साखळीने बांधायला बंदी आहे. 'आम्ही मारून सुधारतो' म्हणणारा असेल तर तिथून माणसाला परत आणा.

एक शेवटची विनंती गावातल्या जुन्या माणसांना आणि आयांना. आपल्याकडे पहिली बैठक कुणाच्या ओटीवर, कुठल्या साली बसली, किती जण होते, पहिल्यांदा कुणाची सुटली, हे आठवत असेल तर मला सांगा. नावं जाहीर करणार नाही. वहीत लिहून ठेवायचं आहे, कारण आत्तापर्यंत कुणी लिहिलेलं नाही. संध्याकाळी सातनंतर मी घरीच असतो.